संत्रं कुठलं? कॅरेटमधलं!

शेजारची नववीतली मुलगी परवा प्रकल्प दाखवायला घेऊन आली. प्रकल्प कसला, ग्रंथच तो. वर चकचकीत प्लास्टिक, कडेला स्पायरल, आत बावीस रंगीत पानं आणि प्रत्येक पानाला वेलबुट्टीची चौकट. विषय 'हमारा ज़िला पांढुर्णा'. शेवटचं पान अख्खं कोरं सोडलेलं, आणि त्याच्या मधोमध, लग्नपत्रिकेवरच्या गणपतीसारखी, एकच ओळ विराजमान : 'स्रोत : गूगल'.

मी म्हटलं, "बाई, संत्रं कुठलं विचारलं तर 'कॅरेटमधलं' म्हणून सांगण्यासारखं झालं हे."

"काका, सारेच असंच लिवतात. सरच म्हणे, आखरीले स्रोत लिवा, त्याचे दोन नंबर हायेत."

दोन नंबरांपुरता स्रोत! बरं, हे कुठं चाललंय? पांढुर्णा-सौसरात. जिथलं शेंबडं पोर आंबिया बहार कुठला आणि मृग कुठला हे फळ हातात घेऊन सांगतं. जिथं कॅरेट विकत घेताना माणूस वरच्या थराकडे बघतसुद्धा नाही, सरळ कोपरापर्यंत हात आत घालून तळातलं फळ बाहेर काढतो. कारण वर भोपळ्याएवढी आणि खाली लिंबाएवढी, हा धंद्याचा जुना रिवाज आहे आणि तो आपल्याला ठाऊक आहे. काही वेळा आपणच ते कॅरेट भरलेलं असतं.

आणि नाव पुसलं जाणं म्हणजे काय, हे आपल्याइतकं कुणाला कळावं? आपल्या बागेतलं फळ नागपूरच्या मंडईत उतरलं की नागपुरी होतं, आणि पुढं जिथं जाईल तिथं 'नागपूरचं संत्रं' म्हणूनच विकलं जातं. नागपूरच्या संत्र्याला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा आपल्या बागाईतदारांनी अभिमानानं मान हलवली, आणि मग ही नक्की कुणाची मान, असा विचार करत घरी गेले. माल वाटेत कुठं कुठं नाव बदलतो, याचं शिक्षण आपल्याला जन्मजात मिळतं. फोन हातात आला की मात्र ते कुठं जातं देव जाणे. तिथं वरचा थर बघितला की सौदा पक्का.

असो. ग्रंथ उघडला.

पान दोनवर पांढुर्णा हा मध्य प्रदेशातला ५४वा जिल्हा होता. पान सातवर तो ५५वा झाला होता. पाच पानांत एक जिल्हा वाढला, एवढा वेग तर भोपाळलाही जमलेला नाही. पान तीनवर स्थापना २४ ऑगस्ट २०२३, पान अकरावर ५ ऑक्टोबर २०२३. पोरीला विचारलं, यातलं खरं कुठलं? ती म्हणाली, "दोन्ही गूगलवर हाय."

खरं तर दोन्ही तारखा खऱ्याच आहेत, फक्त वेगवेगळ्या गोष्टींच्या. २४ ऑगस्टला तेव्हाचे मुख्यमंत्री शिवराजसिंह चौहान जामसावळीच्या हनुमान मंदिरात आले होते. तिथं त्यांनी पांढुर्णा जिल्हा होणार असं जाहीर केलं. जिल्हा प्रत्यक्ष अस्तित्वात आला ५ ऑक्टोबरला, छिंदवाड्यातून पांढुर्णा आणि सौसर हे तालुके काढून. पहिली तारीख साखरपुड्याची, दुसरी लग्नाची. साखरपुड्याच्या दिवशी कुणी संसार मांडत नाही, पण संकेतस्थळांना एवढा पाचपोच कुठला? आणि ५४ की ५५, तर मैहरही त्याच ५ ऑक्टोबरला जिल्हा झाला. त्याआधीचा मऊगंज त्रेपन्नावा. मग जुळ्यांतलं थोरलं कोण, हे सुईणीनंच सांगावं. कुणी याला आधी मोजतं, कुणी त्याला. गंमत कळली तर अर्धं भूगोलाचं पुस्तक इथंच शिकून होतं. पण गंमत कळायला दोन आकडे एकमेकांशेजारी ठेवून 'असं कसं?' म्हणावं लागतं, आणि प्रकल्पात 'असं कसं?'ला नंबर नाहीत.

पान नऊ : 'सौसरला छोटी लाइन जाते.' ती छिंदवाडा-नागपूर छोटी गाडी २०१५च्या अखेरीस बंद पडली, रूळ रुंद करायला. मुलगी तेव्हा दुधाच्या दातांची असेल. पण कुठल्याशा पानावर ती गाडी अजून शिट्टी मारत धावते आहे, कारण ते पान लिहिणारा लिहून गेला तो परत फिरकलाच नाही. लेख कधी लिहिला, ही तारीख बघायची असते, हे कुणी तिला सांगितलेलंच नाही. दुधाच्या पिशवीवरची तारीख मात्र ती न चुकता बघते, तेही आईनं पाठीत धपाटा घालून शिकवलं म्हणून.

पान बारावर जाम नदीचा फोटो. पात्र एवढं विशाल की पलीकडचा काठ दिसेना, आणि मधोमध नावाडी वल्हं मारतोय. आपली जाम नदी! जिच्यात उन्हाळ्यात म्हशीला बसायला डबकं शोधावं लागतं. पोरगी रोज सायकलवर पुलावरून जाते. मी म्हटलं, "अगं, तू बघतेस ना रोज?" तर म्हणाली, "हो, पन फोटोत अशीच हाय."

हे वाक्य मला दोन रात्री झोपू देईना. डोळ्यांनी रोज दिसणारी नदी खोटी, आणि फोनमधली खरी.

याहून भारी पान चार. 'बोली जाने वाली भाषा : हिंदी.' बस्, एवढंच. मी ते वाचत असताना तिची आई पलीकडच्या अंगणातून ओरडत होती, "अवं, दूध उतू चाललं, कुठं जाऊन बसली?" पोरीनं मराठीतच "आली वं!" म्हणून उत्तर दिलं आणि पुन्हा माझ्याकडं वळून त्या हिंदी पानाकडं कौतुकानं बघायला लागली. १ नोव्हेंबर १९५६ला विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि छिंदवाडा मध्य प्रदेशात राहिला. तेव्हापासून आपली पोरं घरी मराठी बोलतात, शाळेत हिंदी लिहितात, आणि आता फोनवर इंग्रजीत शोधतात. तीन भाषांत शोधलं तर तीन उत्तरं येतात. त्यात गावाच्या नावाची शुद्धलेखनं : पांढुर्णा, पांढुर्ना, पांढुरना. सौसर, सौंसर. एक अनुस्वार हलला की दुसरंच गाव उघडतं. खरं म्हणजे ही चैन आहे. तीन साक्षीदार फुकट मिळालेले आहेत, उलटतपासणी तेवढी करायची. पण पोरं पहिल्यालाच शपथ देऊन मोकळी होतात.

आता गोटमार. पांढुर्ण्यावरचा प्रकल्प आणि गोटमार नाही, असं होणे नाही. तान्ह्या पोळ्याच्या दिवशी, म्हणजे नागपुरात मारबत निघते त्याच दिवशी, जामच्या पात्रात पळसाचं झाड रोवायचं, इकडून पांढुर्णा, तिकडून सावरगाव, आणि मधे गोटे. प्रशासन दरवर्षी बंदीचा हुकूम काढतं, दरवर्षी रुग्णवाहिका उभ्या करतं. दोन्ही एकाच दिवशी, म्हणजे हुकुमावर भरवसा किती ते कळतंच. झाड हाती आलं की चंडीमातेचा जयजयकार आणि खेळ संपला. जखमींचा आकडा दुसऱ्या दिवशी चार वर्तमानपत्रांत चार तऱ्हेचा असतो, कारण छावणीत नाव लिहिलेला मोजला जातो आणि हळद दाबून घरी गेलेला मोजला जात नाही. एवढं तरी मुलांना विचारायला शिकवावं : मोजलं कुणी, आणि मोजायला उभा कुठं होता?

ग्रंथात गोटमार 'तीनशे वर्षं जुनी' होती. दोन ओळींखाली 'चारशे'. मूळ कथाही दोन. एक प्रेमाची : पांढुर्ण्याचा मुलगा, सावरगावची मुलगी, पळून जाताना नदीत गाठलं, दोन्ही काठांवरून गोटे आले. दुसरी लढाईची : भोसल्यांचं सैन्य म्हणे इथं गोफणगुंड्यांचा सराव करायचं. दोन्ही कथा ऐकायला झकास आहेत. पण 'फार जुनं' या शब्दाचं 'तीनशे' कुणी केलं आणि 'तीनशे'चं 'चारशे' कुठल्या वळणावर झालं, हे शोधायला गेलात तर मोठी मौज आहे. एका पानानं दुसऱ्यावरून उचललं, दुसऱ्यानं तिसऱ्यावरून, तिसऱ्यानं खाली आधार दिला तो पहिल्याचा. तू माझा साक्षीदार, मी तुझा. अशी साक्ष सौसरच्या तहसिलीतला अर्जनवीससुद्धा कागदावर घेणार नाही.

आणि जुनं छापील आहे म्हणजे देववाणी, असंही नाही. छिंदवाडा जिल्ह्याचं गॅझेटिअर १९०७ साली निघालं, रसेल साहेबाच्या संपादनाखाली. मोठ्या मेहनतीचं काम. पण साहेबाला गावची माहिती कुठून मिळे? अंमलदाराकडून. अंमलदाराला? मालगुजाराकडून. आणि मालगुजार सारा भरायच्या मोसमात सरकारला काय आणि किती खरं सांगेल, हे ज्याच्या घरात कधीकाळी शेती होती त्यानं मनाशीच ठरवावं. म्हणून पुस्तकालाही तोच प्रश्न : तुला कोण म्हणालं?

शाळा हे शिकवत नाही असं नाही. शिकवते. संगणकाच्या पुस्तकात एक चौकट असते : 'विश्वसनीय वेबसाइट का ही उपयोग करें.' हे म्हणजे पोहायला न येणाऱ्याला काठावरून 'बुडू नकोस' म्हणून ओरडणं झालं. विश्वसनीय कसं ओळखायचं? तर म्हणे पान नीट मांडलेलं आहे का बघा, शुद्धलेखन तपासा, 'आमच्याविषयी' असा भाग आहे का बघा, पत्त्याच्या शेवटी 'डॉट ओआरजी' आहे का बघा. ओआरजी आज कुणीही पैसे टाकून विकत घेतं. आणि 'आमच्याविषयी'मध्ये 'आम्ही लबाड आहोत' असं कुणी लिहिल्याचं ऐकिवात नाही.

यावर अमेरिकेत एक झकास प्रयोग झालेला आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅक्ग्रू यांनी तीन प्रकारची माणसं बसवली : इतिहासाचे १० डॉक्टरेटवाले, बातम्यांची सत्यता तपासण्याचा धंदा करणारे १० जण आणि विद्यापीठाचे २५ हुशार विद्यार्थी. समोर बालरोगतज्ज्ञांच्या दोन संघटनांची पानं. एक जुनी, १९३०पासूनची, हजारो डॉक्टरांची. दुसरी तिच्यातून २००२ साली समलिंगी जोडप्यांना मूल दत्तक देण्याच्या वादावरून फुटलेली, मूठभर लोकांची. नावं मात्र सख्ख्या बहिणींसारखी. बहुतेक विद्यार्थ्यांनी फुटीर संघटनेचंच पान जास्त भरवशाचं ठरवलं, कारण ते दिसायला नेटकं होतं. इतिहासाच्या पंडितांपैकीही काहींची पंचाईत झाली. ते बिचारे पान वरपासून खालपर्यंत बारकाईनं वाचत बसले. तपासनीसांनी काय केलं? पान धड वाचलंच नाही. काही क्षणांत ते सोडलं, शेजारी दुसऱ्या खिडक्या उघडल्या आणि 'ही मंडळी कोण, यांच्याविषयी बाकीचे काय म्हणतात' हे बघून आले. थोडक्या वेळात निकाल.

अमेरिकेनं याला 'बाजूनं वाचणं' अशा अर्थाचं नाव दिलं, आणि त्यावर शोधनिबंध निघाले. मी वाचलं आणि कपाळावर हात मारला. अहो, ही तर आमची स्थळाची चौकशी!

मुलीला सौसरचं स्थळ आलं तर आपण बायोडाटा किती वेळ वाचतो? 'गोरा, निर्व्यसनी, स्वतःची पाच एकर संत्रा बाग, विहिरीला बारमाही पाणी.' त्यावरचा गणपती सुबक आहे का, शुद्धलेखन नीट आहे का, हे कुणी तपासतं? बायोडाटा देवापुढं ठेवला जातो आणि दुसऱ्या दिवशी मामा मोटरसायकलला किक मारतो. तो मुलाच्या घरी जातच नाही. घरासमोरच्या पानठेल्यावर जातो. तिथून कृषी केंद्रावर, उधारी किती आहे बघायला. मग त्या गावात दिलेल्या आपल्या चुलतबहिणीकडं चहाला. संध्याकाळपर्यंत मामाला बागेचे सातबारा-खसरे, विहिरीचं पाणी कोणत्या महिन्यात आटतं आणि निर्व्यसनी मुलगा शनिवारी कुठं बसतो, सगळं कळलेलं असतं. बायोडाटावरची एकही ओळ त्यानं दुसऱ्यांदा वाचलेली नसते.

मामाला स्टॅनफर्डमध्ये प्राध्यापक नेमायला हरकत नाही. आणि तोच मामा रात्री 'हे औषध घ्या, साखर सात दिवसांत गायब' हा मेसेज न वाचता चाळीस जणांना पाठवतो. कुठल्या पानठेल्यावर चौकशी केली गा? छे. इंग्रजीत होतं ना!

मुलांना नावं ठेवायचा आपल्याला हक्क नाही, तो यासाठी. आपल्या राष्ट्रगीताला युनेस्कोनं जगातलं सर्वोत्तम ठरवलं, हा निरोप मला पंधरा वर्षांत निदान चाळीस वेळा आला आणि त्यातले निम्मे पाठवणारे गुरुजी होते. युनेस्कोनं असं काही ठरवलेलं नाही. २०१६ साली दोन हजारांच्या नोटेत चिप आहे, जमिनीखालूनही उपग्रहाला दिसते, हे टीव्हीवर तावातावानं सांगितलं गेलं. १९ मे २०२३ला रिझर्व्ह बँकेनं ती नोट मागं घ्यायचं जाहीर केलं. चिप सोडवून घ्यायला कुणी आल्याचं ऐकलं नाही.

आपल्या सीमेवरच्या लोकांची तर आणखी एक खास अडचण आहे. आपल्याकडं खोट्या बातम्यांइतकाच त्रास खऱ्या बातम्यांचा होतो. सोयरिकी सगळ्या काटोल, नरखेड, नागपूरला. माझ्या नात्यातल्या एका सौसरच्या बाईला नागपूरच्या नणंदेनं निरोप पाठवला : ई-केवायसी करा, नाही तर 'लाडकी बहीण'चा हप्ता बंद. बाई घाबरली, मजुरी बुडवून ऑनलाइनच्या दुकानात तीन तास रांगेत उभी राहिली. नंबर आल्यावर पोरगा म्हणाला, "काकू, तुमची लाडली बहना. लाडकी बहीण महाराष्ट्रात." मध्य प्रदेशची योजना २०२३ची, महाराष्ट्राची २०२४ची. नियम वेगळे, रक्कम वेगळी, कागद वेगळे. मेसेज शंभर टक्के खरा होता, फक्त तिच्यासाठी नव्हता. 'हे खरं आहे का?' याच्या आधी 'हे कुठलं आहे?' विचारावं लागतं, ते असं.

पावसाळ्यात 'उद्या जिल्ह्यातील सर्व शाळांना सुट्टी' येतं. कोणता जिल्हा, हे पाहायचं कष्ट कोण घेतो? नागपूरच्या कलेक्टरच्या सहीवर सौसरची पोरं अंथरुणात लोळत पडतात. हा एकच मेसेज असा आहे, ज्याची खातरजमा विद्यार्थीही करत नाहीत आणि मास्तरही करत नाहीत.

बारावीच्या निकालाच्या दिवसांत लॅपटॉप येतात. मध्य प्रदेशात बारावीला ७५ टक्के किंवा त्याहून अधिक असलेल्यांना लॅपटॉपसाठी २५ हजार रुपये देण्याची सरकारी योजना खरीच आहे. खरीच असल्यामुळे तिची खोटी पिल्लं जोमानं वाढतात. 'फॉर्म भरा, दहा जणांना पाठवा, ओटीपी सांगा.' सरकारनं पैसे द्यायला दहा जणांची शिफारस कधीपासून मागायला सुरुवात केली, हा प्रश्न पोराला पडत नाही, बापालाही पडत नाही. इथं एक साधी युक्ती आहे. सुरुवातीचं 'https://' सोडून पत्ता पहिल्या तिरप्या रेघेपर्यंत घ्यायचा आणि तिथून मागे, उजवीकडून डावीकडं वाचायचा. शेवट 'डॉट जीओव्ही डॉट इन' किंवा 'डॉट एनआयसी डॉट इन' असेल तर ते सरकारी, कारण ती शेपटी दुसऱ्या कुणाला मिळत नाही. जीओव्ही ही अक्षरं मधेच कुठंतरी कोंबलेली असतील तर लांबूनच रामराम. मुलाचं नाव पाटील ठेवलं म्हणून पाटीलकी येत नाही.

इथं थोडं थांबतो, कारण सगळंच हसण्यावारी नेण्यासारखं नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला बाजाराचा दिवस होता. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण भिक्षा मागायला आले होते. मुलं पळवणारी टोळी फिरते आहे, असे निरोप त्या दिवसांत फोनोफोनी हिंडत होते. जमावानं पाचही जणांना ठार मारलं. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपनं भारतात एका वेळी पाचच ठिकाणी निरोप पुढं पाठवता येईल अशी मर्यादा घातली. गावात आलेल्या भिक्षेकऱ्याला 'कुठलं गाव, कोण तुम्ही' एवढं विचारायची आपली रीत शेकडो वर्षांची. त्या दिवशी विचारलं गेलं नाही.

केरळातल्या कन्नूर जिल्ह्यात नेमकं त्याच्या आधी शहाणपण सुचलं होतं. २०१७ साली गोवर-रुबेलाच्या लशीविरुद्ध व्हॉट्सअ‍ॅपवर इतक्या अफवा उठल्या की आईबाप पोरांना टोचून घेऊ देईनात. तिथले कलेक्टर मीर मोहम्मद अली यांनी 'सत्यमेव जयते' नावाचा वर्ग दीडशे सरकारी शाळांत सुरू केला. खोटी बातमी समोर ठेवायची, आणि ती खोटी कशी ते मुलांनीच शोधायचं. आपल्याकडं नवा कोरा जिल्हा आहे, कलेक्टर आहे, शाळा आहेत आणि अफवांचं पीक तर बारमाही ओलिताचं. अडतंय कुठं?

तेवढ्यात नवीन पाहुणा आलाय. गूगल आता पोरांना म्हाताऱ्यांचं वाटतं. ती थेट एआयला विचारतात. त्याच्याशी माझं भांडण एकाच गोष्टीवरून आहे : त्याला सहसा 'माहीत नाही' म्हणता येत नाही. परगावी पत्ता विचारला की पानठेल्यावरचा एक जण नेहमी हात लांब करून 'असे सरळ जा' म्हणतो ना, तसं. मी एका एआयला गोटमारचा सगळ्यात जुना लेखी उल्लेख विचारला. त्यानं झटकन ग्रंथाचं नाव दिलं, लेखक दिला, पान नंबर दिला. मी हरखून गेलो. तो ग्रंथ आजतागायत मला कुठल्या ग्रंथालयाच्या यादीत सापडलेला नाही. दुसऱ्या दिवशी तोच प्रश्न पुन्हा विचारला तर ग्रंथ बदललेला, लेखकही बदललेला. पान नंबर मात्र तितकाच ठाम.

त्याच वाइनबर्गच्या मंडळींनी अमेरिकेतल्या ३,४४६ शाळकरी मुलांना एक धुरकट व्हिडिओ दाखवला होता. मतपेट्यांत चोरून मतं टाकताना माणसं दिसतात, आणि हे म्हणे अमेरिकेतलं. मुलांपुढं इंटरनेट उघडं होतं, हवं ते शोधा म्हणून सांगितलेलं. निम्म्याहून अधिक मुलांनी तो भक्कम पुरावा मानला. व्हिडिओ रशियातला होता. तो मुळात कुठला, हे शोधून काढणारी मुलं किती? तीन. ३,४४६ पैकी तीन. त्यामुळं पांढुर्ण्याच्या पोरीला हसायचं कारण नाही. तिला निदान संत्रं तरी कळतं.

मी तिला म्हटलं, बाई, बावीस पानं नकोत, आठ कर. पण प्रत्येक गोष्टीखाली लिही, तुला हे कुणी सांगितलं, आणि त्याला कुणी. दोन ठिकाणी दोन आकडे मिळाले तर दोन्ही लिही, का मिळाले तेही लिही. जाम नदीचा फोटो स्वतः काढ. भाषा कोणती, हे स्वयंपाकघरात जाऊन ऐक.

तिनं मनावर घेतलं. पंधरा दिवस ती एखाद्या अंमलदारासारखी गावभर वही घेऊन हिंडत होती. सावरगावच्या एका म्हाताऱ्यानं तिला गोटमारची तिसरीच कथा सांगितली आणि शेवटी 'आमच्या बानं सांगितली, त्याले कोणं सांगितली ठाव नाई' असंही प्रामाणिकपणे सांगितलं. ते तिनं जसंच्या तसं लिहिलं. छोटी लाइन बंद झाल्याचं तिनं एका निवृत्त पॉइंट्समनला विचारून, मग जुन्या बातमीशी ताडून लिहिलं. नदीचा फोटो काढला, त्यात तीन म्हशी आल्या. जिल्हा ५४वा की ५५वा, यावर अख्खं पान खर्ची घातलं आणि 'मैहर आणि पांढुर्णा एकाच दिवशी झाले, म्हणून दोन्ही आकडे आढळतात' असा निकाल दिला. भाषेच्या पानावर लिहिलं : 'घर में मराठी, स्कूल में हिंदी.' शेवटच्या पानावर गूगल नव्हतं. अकरा नावं होती, त्यांत एक आजीचं.

काल वही तपासून आली. दहापैकी सहा नंबर. शेरा : 'पानं कमी, सजावट नाही, फोटोत म्हशी.' वर्गात ज्या मुलाच्या प्रकल्पात जामचं पात्र ब्रह्मपुत्रेएवढं आहे, त्याला नऊ मिळाले.